कोंबडीखत घातलं आणि मिरची करपली

प्रश्न: खुराड्यातली ताजी विष्ठा थेट मिरचीच्या बुंध्याशी घातली. चौथ्या दिवशी पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत झाल्या. तीन रोपं गेली. उरलेल्या ढिगाच्या वासाने डोळे चुरचुरतात. आता काय करू?

उत्तर: डोळे चुरचुरतात तो अमोनिया, नत्रापासून (नायट्रोजनपासून) बनलेला वायू. तुमचं नत्र हवेत उडून चाललंय, मला त्याचीच जास्त हळहळ वाटते! कोंबडीच्या विष्ठेत कर्ब (कार्बन) आणि नत्राचं प्रमाण जेमतेम १०:१ असतं, कुजायला २५ ते ३०:१ हवं. म्हणून एक घमेलं विष्ठेला दोन-तीन घमेली सुका, कर्बाने भरलेला पालापाचोळा मिसळा. ढीग १ मीटर लांब, रुंद, उंच तरी हवा, लहान ढीग तापतच नाही. मूठभर माल दाबून पाहा: तळवा ओलसर व्हावा, पाणी ठिबकू नये. आत ५५ ते ६५ अंश सेल्सिअस तापमान काही दिवस टिकलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. उतरू लागलं की उलथा, कडेचा माल आत घ्या. मी खोरं घातलं की वाफ निघते, तेव्हा जिवाला बरं वाटतं.

दुसरं उत्तर: उलथताना मास्क लावाच. विष्ठेत साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. कच्चं खत पालेभाजीला तर मुळीच नको.

प्रश्नकर्ता: खुराड्यात लाकडाचा भुसा अंथरलेला आहे. तरी पाला लागेल?

उत्तर: भुसा भरपूर असेल तर कमी लागेल. अमोनियाचा वास गेला नाही तर अजून घाला. ढीग थंडावल्यावरही महिना-दोन महिने मुरू द्या. मातीसारखा वास आला की मगच मिरचीला.