गेको (पाळायची पाल) आजारी निघाला तर दोष कोणाचा? विकणाऱ्याचा की न पाहता घेणाऱ्याचा?

काळी_माती (दारव्हा तालुका)
दिवाळीत पोरीच्या हट्टापायी लेपर्ड गेकोची जोडी घेतली, सात हजारांना. विकणाऱ्यानं पाठवलेल्या व्हिडिओत दोघंही किडे गपागप गिळत होते. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं डबा आला, क्लीनरला दोनशे वेगळे. उघडून पाहिलं तर मादीची शेपूट पेन्सिलीएवढी. माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, या पालीची चरबी शेपटीत साठते, ती मुळ्यासारखी जाड पाहिजे. फोन केला तर म्हणे, "प्रवासाचा ताण आहे, दोन दिवसांत खाईल." सोळाव्या दिवशी मेली. आता नरानंही खाणं सोडलंय, शी पातळ. आणि तो म्हणतो, तुमच्याकडची हवा मानवली नाही!
बैलबाजारात घेतलेला बैल घरी येऊन बसका निघाला तर दलालाला चारचौघांत जाब द्यावा लागतो. पाल विकणाऱ्याला का नाही? माझं म्हणणं, पैसे परत मिळालेच पाहिजेत.

उन्हाळी_भुईमूग
बैलाचा दाखला देऊ नका. बैल तुम्ही दात पाहून, जुंपून, चालवून घेता. इसारही त्यानंतर देता. पाल घेतली मोबाइलवर पाहून. तो व्हिडिओ कधीचा, त्याच जनावराचा का, विचारलं होतं? शेपटीचा फोटो, गुदद्वाराजवळ घाण चिकटली आहे का, बोटांवर कात अडकली आहे का, काही मागितलं? आणि दोघांना एकाच काचपेटीत ठेवलंत ना? नवं जनावर किमान दोन-तीन महिने वेगळं ठेवतात. नर तुमच्या चुकीनं आजारी पडला.

काळी_माती
एकाच पेटीत ठेवले, खरं आहे. जोडी म्हणून विकली, जोडी म्हणून ठेवली. वेगळं ठेवा हे विकणाऱ्यानं सांगायचं का मी स्वप्नात पाहायचं?

आर्वीचा_बाप्पू
अरे बापा, भितीवर बारा पाली फुकट हायेत अन् तू पाल पायाले सात हजार देल्ले? तेवढ्यात एक बकरी आली असती. दूध देल्लं असतं, पोरगी खेळली असती, अन् बिमार पडली तं गावातला डाक्टर तरी हात लावते.

काचपेटी
मी गेकोंची पैदास करतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. दहातल्या सहा तक्रारी घेणाऱ्याच्या घरातल्या असतात. पेटीत वाळू टाकतात, पिल्लू ती गिळतं, आतडं तुंबतं. पोटाखाली ३१-३२ अंशांची ऊब लागते, नाही तर खाल्लेलं पचत नाही. लोकांना वाटतं, विदर्भात ऊन काय कमी? पण डिसेंबरच्या रात्री कोण पाहतो? किड्यांना कॅल्शियमची पूड लावत नाहीत, मग हाडं वाकतात. महिन्यानं फोन, "आजारी दिली!" मी सात दिवसांची हमी देतो. त्यापुढे नाही.

पशुवैद्यक_तिसरं_वर्ष
सात दिवसांच्या हमीला फारसा अर्थ नाही. गेकोंमध्ये क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा एकपेशीय परजीवी असतो, तो आतड्यात राहतो. जनावर आधी खातं तरी वाळतं, मग खाणंच सोडतं. शेपूट काडी होते. विष्ठेतून पसरतो, ब्लीचलाही दाद देत नाही, आणि खात्रीचा इलाज नाही. वरून ठणठणीत दिसणारं जनावरही तो बाळगून असू शकतं.
पण बारीक शेपूट म्हणजे क्रिप्टोच, असंही नाही. साधे जंत असतील, नुसती उपासमारही असेल. नराची ताजी शी नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात दाखवा. एकदा काही सापडलं नाही तर पुन्हा तपासा. पोरीला पेटीत हात घातल्यावर साबणानं धुवायला लावा, साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू माणसाला होतो.
आणि मुद्द्याचं: भरलेली शेपूट एका रात्रीच्या प्रवासात पेन्सिल होत नाही. त्याला आठवडे लागतात. डबा उघडतानाच ती तशी असेल, तर मादी आजारीच निघाली होती.

काचपेटी
हे मान्य. पण डबा उघडतानाचा फोटो आहे का? नुसतं तोंडानं सगळेच सांगतात.

काळी_माती
पोरीनं काढलाय. तारीख आहे.

तारीख_पे_तारीख
मग यवतमाळच्या जिल्हा ग्राहक आयोगात जा. २०१९ च्या कायद्यात दोन वर्षांची मुदत आहे, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पावती नसेल तर फोनवरून पैसे पाठवल्याची नोंद जपा. मात्र २०१८ च्या पाळीव प्राणी दुकानांच्या नियमांवर विसंबू नका. त्यांच्या व्याख्येत कुत्रा, मांजर, ससा, पक्षी वगैरे आहेत, पालीचं नाव नाही.

मोहफूल
सगळे पैशांवर भांडताय. ती पैदाशीतलीच होती हे कशावरून? आपल्या सातपुड्यातही या पालीची बहीण आहे, शास्त्रज्ञांनी २०१४ साली तिला वेगळी जात म्हणून नाव दिलं. गावात तिला विषखोपडा म्हणून ठेचतात, विष थेंबभर नसताना. रानातली धरून विकणं गुन्हा आहे. मागणी वाढली की कोणीतरी पोत्यात भरणारच. मी म्हणेन, घेऊच नये.

काचपेटी
म्हणूनच पैदास करणाऱ्याकडून घ्या म्हणतो आम्ही. सगळ्यांना एका पोत्यात भरू नका.

काळी_माती
फोटो पाठवला. "बघतो" म्हणाला आणि नंबर ब्लॉक केला. नर वेगळ्या पेटीत हलवलाय. उद्या सकाळच्या एसटीनं शीची डबी घेऊन नागपूरला निघतो. बायको ती फ्रिजमध्ये ठेवू देत नाही, म्हणून माठाशेजारी ओल्या फडक्यात ठेवलीय.

काचपेटी
विकणाऱ्याचं नाव इथं नको, मला खासगीत कळवा. आणि तपासणीत काय निघालं तेही. गेल्या महिन्यात मीही बाहेरून तीन माद्या आणल्यात.