मदत हवी आहे: ई२० वर जुनी गाडी ऑटोक्रॉसला पळवायचीय, जेट किती मोठा घेऊ?

राम राम मंडळी. लातूरजवळच्या गावातून लिहितोय. चुलत्यांची १९९८ सालची कार्बोरेटरवाली गाडी आम्ही पोरं मिळून माळावरच्या हौशी ऑटोक्रॉससाठी (वळणावळणाच्या मार्गावर घड्याळाशी शर्यत) तयार करतोय. पंपावर आता ई२०च मिळतं, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल.

सरळ पट्ट्यात गाडी मस्त. वळणातून निघताना पाय दाबला की मात्र अडखळते. चार फेऱ्यांनी प्लग काढला तर टोक खडूसारखं पांढरं. म्हणजे मिश्रण लीन होतंय (हवा जास्त, इंधन कमी), एवढं कळलं. एक भाग पेट्रोलला वजनाने १४.७ भाग हवा लागते, शुद्ध इथेनॉलला फक्त ९. म्हणजे जेट (कार्बोरेटरमधलं इंधन सोडणारं बारीक छिद्र) मोठा हवाच, पण किती टक्के? अंदाजाने ड्रिल मारायला हात धजेना.

दुसरं, कार्बोरेटरकडे जाणारा रबरी पाइप फुगून इतका मऊ झालाय की नखाचा वण उठतो. त्याजागी कोणता टाकावा?

अन् एक कोडं. अमेरिकेतल्या इंडीकार शर्यतीवाले २००७ साली इथेनॉलवर गेले. त्याचं ऑक्टेन (ठोके न देता दाब सोसायची ताकद) जास्त, वाफ होताना हवाही थंड करतं. मग मला फायदा का दिसेना? माझ्या मते आमचं कॉम्प्रेशनच (सिलिंडरमध्ये मिश्रण दाबलं जाण्याचं प्रमाण) कमी, त्यात टायमिंग (ठिणगीची वेळ) जुनंच. कॉम्प्रेशन वाढवायला हेड घासून घ्यावं का? लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांशच, ते दुखणं वेगळं.

बाबा म्हणतात, आपलाच ऊस टाकीत आलाय, नावं ठेवू नको.

कुणी स्वतः जेट बदलला असेल तर जुना-नवा नंबर सांगा.