घसादुखी आणि उरलेल्या गोळ्या
मुलीचा घसा दुखतोय, घरात उरलेलं अँटिबायोटिक देऊ का, असं विचारलंत. कृपया देऊ नका. सोबत सर्दी, खोकला, बसलेला आवाज असेल तर बहुधा विषाणूच, आणि त्यावर अँटिबायोटिक चालत नाही. मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्या आणि पॅरासिटामॉलवर आठवड्यात उतार पडतो.

पण खोकला नाही, चांगला ताप आहे, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि जबड्याखाली दुखऱ्या गाठी आहेत, असं असेल तर डॉक्टरांना दाखवाच. ५ ते १५ वर्षांच्या मुलांत घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकॉकस हा जिवाणू जास्त आढळतो. तो अंगावर काढला तर संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात, आणि आपल्याकडे हे अजूनही घडतं! पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन लिहून दिलं तर तिसऱ्या दिवशी बरं वाटलं तरी पूर्ण १० दिवस द्या. लाळही गिळवत नसेल किंवा श्वास अडत असेल तर थेट हॉस्पिटल गाठा.