अनुभव धागा: ऑफिसात एआय आलं तेव्हा तुमचे साहेब कसे वागले?

आमची विमा दाव्यांची टीम, अकरा जणांची. मी टीम लीड. गेल्या वर्षी दाव्यांचे कागद वाचून गोषवारा काढणारं एआय आलं. वरून निरोप होता, 'इतक्यात कोणाला बोलू नका.' मी गप्प राहिले. तीन आठवड्यांत सगळ्यांना कळलंच, तेही कॅन्टीनमध्ये. त्यानंतर टूलच्या चुका मला कोणी दाखवेना. आपापल्या एक्सेलमध्ये गुपचूप दुरुस्त करतात. माणसं बोलायची थांबली तर ते टूल सुधारायचं कसं? माझं ते गप्प राहणं मला अजून लागून आहे. तुमच्याकडे कोणी हे नीट हाताळलं असेल तर सविस्तर लिहा.

निवृत्त बँक कर्मचारी, सांगली
आमच्या वेळी एआय नव्हतं, संगणक होता. भीती हीच. १९८३ चा युनियनशी झालेला करार आणि बँकांच्या संगणकीकरणावरचा १९८४ चा रंगराजन समितीचा अहवाल, यांनंतर यंत्रं हळूहळू शाखांत आली. आमच्याकडे नव्वदीच्या मध्यावर. मॅनेजरसाहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "टॅली होईपर्यंत लेजर बंद होणार नाही, आणि टॅली झाली की नाही ते तुम्ही सांगायचं." अडीच महिने हाताने लिहायच्या लेजरमध्ये आणि संगणकात, दोन्हीकडे नोंदी. साहेब लेजर वाचायचे, मी स्क्रीनवर जुळवायचो. एका रात्री बचत खात्यांत साठ रुपयांचा फरक काही केल्या सुटेना. नऊ वाजता सापडला. माझ्याच अक्षरात एकाचा सात झाला होता. साहेब एवढंच म्हणाले, "चला, शेवटची बस चुकेल." संगणकाची माझी धास्ती त्या रात्री गेली.

अनुवादक, ठाणे
माझा अनुभव कडू आहे. औषधाच्या माहितीपत्रकात यंत्राने लिहिलं होतं, 'हा अंमली पदार्थ जेवणानंतर घ्यावा.' मूळ शब्द ड्रग! असलं सगळं निस्तरायचं, आणि दर निम्मा, कारण 'नुसतं तपासायचं तर आहे'. पुढे नवीन समन्वयक आल्या. दर ठरवण्याआधी त्या स्वतः चार पानं तपासायला बसल्या. संध्याकाळपर्यंत तीन झाली. तेव्हापासून आम्हाला तासावर पैसे मिळतात.

एक्स-रे टेक्निशियन, विदर्भ
१५ वर्षांवरच्यांच्या टीबी तपासणीत एक्स-रे वाचायला एआय सॉफ्टवेअर वापरता येईल, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये केली. आमच्याकडे ते आलं तेव्हा डॉक्टर मॅडमनी नियम घातला: यंत्राने डाग दाखवला म्हणून पेशंटसमोर 'टीबी' म्हणायचं नाही, थुंकीचा रिपोर्ट येऊ द्या. जुन्या, बऱ्या झालेल्या टीबीचे वणही यंत्र धरतं. एका आजोबांचं तसंच झालं. फिल्म उजेडाला धरून मॅडमनी मला विचारलं, "तुला काय दिसतं?" बारा वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं.

टेस्टर, हिंजवडी
आम्हाला फक्त मेल आला. शुक्रवारी, साडेसहाला.

धागाकर्ती
काका, तुमच्या साहेबांचं ते 'तुम्ही सांगायचं' डोक्यातून जात नाहीये. सोमवारी टीमला बोलावलंय. मला ठाऊक आहे तेवढं सगळं सांगणार. नोकऱ्या राहतील का, हे विचारतीलच; ते मलाही ठाऊक नाही, हेसुद्धा सांगेन. आणि त्या एक्सेलमधल्या दुरुस्त्या मागणार आहे, कोणाच्या आहेत ते न विचारता.