पदपथावरची जुनी झाडं आणि पेव्हर ब्लॉक: किती जागा सोडायची?

पदपथी: पुण्यात आमच्या गल्लीत ३ मीटरचा पदपथ नव्याने होतोय. रस्त्याच्या कडेला ११ करंज, बुंध्याचा घेर दीड मीटरच्या आसपास. ठेकेदार ब्लॉक थेट खोडाला भिडवतोय. हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीसाठी सांगितलं होतं तसं चहूबाजूंनी १ मीटर सोडलं, तर व्हीलचेअर जाणार कुठून?

मुरूम_खडी: गोल आळ्याचा हट्ट सोडा, लांबट घ्या. चालायला सलग १.८ मीटर लागतातच. उरलेली १.२ मीटरची पट्टी झाडांना द्या आणि प्रत्येक खोडाजवळ ती किमान ३ मीटर लांब उघडी ठेवा. वर ग्रिट (अगदी बारीक खडी) पसरून ब्लॉकच्या पातळीला आणा, म्हणजे पाय अडखळणार नाही.

पण खरी गोम ब्लॉकच्या खाली आहे. बहुतेक ठिकाणी १०० मिमी पीसीसी (साधं, बिनसळईचं काँक्रीट) ओतून त्यावर ब्लॉक बसवतात. सांध्यातून पाणी झिरपेल असं वाटतं, ते पीसीसीवर अडतं. त्याऐवजी चाळलेल्या २० मिमी खडीचा १५० मिमीचा थर, त्यावर बारीक ग्रिटचा ५० मिमीचा थर. सांध्यांतही ग्रिटच. सिमेंट आणि कच (दगडाची भुकटी) भरून वर पाणी मारलं की सगळं मुसळ केरात. दुचाक्या चढतात तिथे ६० मिमीचे ब्लॉक तुटतात, ८० मिमीचे मागा.

बुंधा: जुनं काँक्रीट काढताना खोडाजवळ ब्रेकर नको, छिन्नी-हातोडाच. साल सोलवटली की तिथून कूज शिरते. अन्न-पाणी ओढणारी मुळं बहुतेक वरच्या ६० सेंमीमध्ये असतात, म्हणून आळं 'खोल' करू नका. वरची ४-५ सेंमी माती हाताने भुसभुशीत केली की पुरे. मनगटाएवढं मूळ आडवं आलं तर केबलचा चर वळवा, मूळ तोडू नका. एका बाजूची मुळं गेलेलं झाड वळवाच्या वाऱ्यात आडवं होतं.

आणि कृपया पार बांधून आत माती भरू नका! बुंध्याची मान (खोड मुळांना मिळतं तो भाग) गाडली की ती ओली राहून सडते.

पदपथी: रस्त्याचं पाणी आळ्यात घ्यावं का?

मुरूम_खडी: आधी झाडापासून लांब ३० सेंमीचा खड्डा करून पाण्याने भरा. २४ तासांत जिरलं तर कर्बस्टोनमध्ये (पदपथाच्या कडेच्या दगडांत) १५ सेंमीची फट ठेवा. खाली काळी माती असेल आणि पाणी तसंच राहिलं, तर नको. टपरीचं साबणाचं पाणी येत असेल तरीही नको.