प्रतिज्ञेतला बदललेला शब्द
पंचसूत्री प्रतिज्ञा, म्हणजे नव्या मेइजी सरकारने जाहीर केलेली पाच कलमी धोरणं, हा जपानी लोकशाहीचा पाया, हे तुमचं म्हणणं मला अर्धंच पटतं. एप्रिल १८६८ मध्ये क्योतोच्या राजवाड्यात ती वाचली गेली तेव्हा सम्राट मेइजी अवघे पंधरा वर्षांचे होते आणि शोगुनच्या, म्हणजे जुन्या लष्करी राज्यकर्त्याच्या, पाठीराख्यांशी चाललेली यादवी अजून संपलेली नव्हती. काठावरच्या सरदारांना आपल्या बाजूला वळवणं ही त्या घडीची निकड होती.

प्रतिज्ञेच्या मसुद्यांचा प्रवास पाहा; नव्या सरकारातल्या तिघांचा त्यात हात होता. युरी किमिमासांच्या मसुद्यात पहिला मान सामान्य लोकांच्या आकांक्षांना होता. फुकुओका ताकाचिकांनी तिथे 'सरदारांची सभा' आणून बसवली. शेवटी किदो ताकायोशींनी सरदार काढून 'व्यापक सभा' असा मोघम शब्द घातला. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. याच मोघमपणामुळे पुढे संसदेची मागणी करणाऱ्या लोकहक्क चळवळीला 'संसद द्या, तुम्हीच वचन दिलंय' असं ठणकावून सांगता आलं. संसद भरली ती १८९० मध्ये!

आणि प्रतिज्ञेच्या दुसऱ्याच दिवशी लागलेले सरकारी फलक विसरू नका. जमाव करून गाऱ्हाणी मांडायला बंदी, ख्रिस्ती धर्मालाही बंदी. प्रतिज्ञेत 'जुन्या वाईट चालीरीती सोडू' म्हणणाऱ्यांनीच शोगुनकाळातले हे मनाई हुकूम पुन्हा लावले होते. ख्रिस्ती धर्मावरचे फलक उतरायला १८७३ उजाडलं.