वीर्यतपासणी: न्यूबॉअर चेंबरच्या दोन बाजूंचा काउंट जुळत नाही, रिपोर्टवर काय लिहायचं?

स्लाइड_आणि_कव्हरस्लिप
तालुक्याची छोटी लॅब आहे, आठवड्याला चार-पाच सीमेन अ‍ॅनालिसिस येतात. पद्धत जुनीच: डब्ल्यूबीसी पिपेटमध्ये (पांढऱ्या पेशींसाठीची, तोंडाने ओढायची काचनळी) १:२० डायल्यूशन, म्हणजे नमुना पातळ करायचा, त्यातूनच न्यूबॉअर चेंबरच्या (पेशी मोजायला जाळी कोरलेली काच) दोन्ही बाजू भरायच्या, मधल्या जाळीतले पाच चौकोन मोजायचे, जितके शुक्राणू तितके मिलियन प्रति मिली. आजच्या नमुन्यात एका बाजूला २४, दुसऱ्या बाजूला ४१. साडेबत्तीस सरासरी लिहून मोकळं व्हावं का? नमुना घरून आला, ३५ मिनिटांत पोचला, जरा चिकट होता. दुसरं म्हणजे छापील फॉरमॅटवर ‘नॉर्मल: व्हॉल्यूम २ मिली, काउंट २० मिलियनच्या वर’ आहे. ते बदलायचं का?

निळा_एप्रन
सरासरी लिहू नका, दोन्ही आकडे बाद आहेत.

बेरीज ६५, तिचं वर्गमूळ ८ च्या आसपास. त्याची १.९६ पट म्हणजे साधारण १६. निव्वळ योगायोगाने एवढाच फरक पडू शकतो. तुमचा १७ आहे, म्हणजे काठावर का होईना, नापास.

पण मूळ दुखणं पाच चौकोनांचं आहे. २४ पेशी मोजून काढलेला आकडा १४ ते ३४ मध्ये कुठेही असू शकतो. त्यावर कोणी उपचार ठरवणार असेल तर कठीणच. एका बाजूला किमान २००, दोन्ही मिळून ४०० मोजले की चूक १० टक्क्यांच्या आत येते. पाच चौकोनांची एक ओळ धरा, २०० झाल्यावरही सुरू केलेली ओळ पुरी करा. सगळे २५ चौकोन मोजले तर ०.१ मायक्रोलिटर होतं, म्हणून १:२० ला एकूण आकड्याला ५ ने भागायचं: १६५ आले तर ३३ मिलियन.

डायल्यूशनही डोळे झाकून १:२० नको. आधी वेट माउंट (स्लाइडवर नमुन्याचा थेंब, वर कव्हरस्लिप) पाहा. ४० च्या ऑब्जेक्टिव्हखाली एका फील्डमध्ये शंभराच्या वर दिसले तर १:२०, कमी असतील तर १:५, अगदी तुरळक असतील तर १:२.

आणि एकाच डायल्यूशनने दोन्ही बाजू भरल्यात तर पिपेटची चूक दोन्हीकडे सारखीच जाते, पकडली जात नाही. दोन वेगळी डायल्यूशन्स करा, एकेका बाजूला एकेक.

फोकस_नॉब
गणित पटलं, पण हा नमुना बिघडला तो मोजण्याआधीच, असं वाटतं. चिकट म्हणता, म्हणजे किती? काचेच्या काडीने उचलून पाहा. पाकाला येते तशी तार आली आणि ती २ सेंटिमीटरहून लांब असेल तर व्हिस्कॉसिटी वाढलेली आहे. लिक्विफॅक्शन, म्हणजे वीर्य आपोआप पातळ होणं, न होणं हा वेगळा प्रकार. त्यासाठी ३७ अंशांवर तासभर थांबता येतं. बहुतेक नमुने १५ ते ३० मिनिटांत पातळ होतात. तार येत असेल तर १८ किंवा १९ गेजच्या बोथट सुईतून सिरिंजने सहा ते दहा वेळा सावकाश आत-बाहेर करा. घाई केली की फेस होतो.

दर वेळी नमुना घेण्याआधी रुंद तोंडाच्या पिपेटने दहा वेळा ढवळा. डबी नुसती हलवून शुक्राणू सारखे पसरत नाहीत.

डब्ल्यूबीसी पिपेट सोडाच. तोंडाने ओढणं धोक्याचं, शिवाय असा द्रव काचेला चिकटून राहतो. साधी मायक्रोपिपेटही अशा द्रवाला कमीच ओढते. पॉझिटिव्ह डिस्प्लेसमेंट पिपेट (दट्ट्या थेट द्रवाला टेकतो ती) घ्या. ५० मायक्रोलिटर नमुना, ९५० डायल्यूअंट, टोक बाहेरून पुसून.

चेंबरवर नेहमीची पातळ कव्हरस्लिप ठेवता का? ती द्रवाने उचलली जाते आणि ०.१ मिमी खोली राहत नाही. जाड कव्हरग्लास दाबून बसवा. कडेच्या दोन्ही खांबांवर इंद्रधनुष्यासारखे पट्टे दिसले तरच नीट बसली. भरल्यावर ओल्या कागदाच्या बंद डबीत किमान ४ मिनिटं ठेवा, नाहीतर काही शुक्राणू तरंगतेच राहतात आणि फोकसबाहेर जातात.

स्लाइड_आणि_कव्हरस्लिप
पातळ कव्हरस्लिपच आहे. तार मोजली नव्हती. मग माकलर चेंबर घेतलं तर? डायल्यूशनच नको.

पेलेट_पाहा
माकलर सोपं आहे, पण १० मायक्रॉन खोलीत चिकट नमुना सारखा पसरत नाही, आणि जिवंत शुक्राणू मोजताना पळतात. न्यूबॉअरला फॉर्मॅलिनने स्थिर केलेले मोजता येतात. असलेलं चेंबर नीट वापरा, पैसे वाचतील.

फॉरमॅट जरूर बदला. तुमचे आकडे १९९९ च्या डब्ल्यूएचओ मॅन्युअलमधले आहेत. २०२१ च्या सहाव्या आवृत्तीत: व्हॉल्यूम १.४ मिली, काउंट १६ मिलियन प्रति मिली, एकूण ३९ मिलियन, एकूण मोटिलिटी (हालणारे शुक्राणू) ४२ टक्के, प्रोग्रेसिव्ह (पुढे सरकणारे) ३०, नॉर्मल आकार ४ टक्के. पण ‘नॉर्मल’ शब्द काढा. ज्यांच्या जोडीदाराला वर्षभरात गर्भ राहिला अशा पुरुषांमधली ही तळाची ५ टक्क्यांची रेषा आहे. खाली आला म्हणून वंध्यत्व ठरत नाही, वर आला म्हणून हमीही नाही.

व्हॉल्यूम मेजरिंग सिलिंडरमध्ये ओतून घेत असाल तर थांबवा. ०.३ ते ०.९ मिली भांड्यालाच चिकटून राहतं. रिकामी डबी आधी वजन करून ठेवा, १ ग्रॅम म्हणजे १ मिली धरा.

‘पस सेल्स (पू-पेशी) ८-१०’ असंही लिहीत असाल. साध्या माउंटमध्ये त्या नुसत्या गोल पेशी असतात. अपक्व शुक्राणुपेशीही तशाच दिसतात. पेरॉक्सिडेज स्टेनला न्यूट्रोफिल (पू मधल्या पांढऱ्या पेशी) तपकिरी होतात, अपक्व शुक्राणुपेशी होत नाहीत. एवढ्या एका ओळीवर विनाकारण अँटिबायोटिक चालू होतं.

एकही शुक्राणू दिसला नाही तर लगेच ‘निल’ नको. सेंट्रिफ्यूजमध्ये ३००० जी ला १५ मिनिटं फिरवून पेलेट (तळाशी बसलेला साका) पाहा. शिवाय व्हॉल्यूम कमी आणि पीएच ७.२ च्या खाली असेल तर फ्रुक्टोजची (वीर्यातल्या साखरेची) तपासणी करून डॉक्टरांना कळवा, नलिका बंद असण्याची शक्यता असते.

या पेशंटचा नमुना परत मागवा, शक्यतो लॅबमध्येच. घरूनच आणणार असेल तर अंगाशी धरून, फ्रिज-बर्फ नाही, साध्या कंडोममध्ये गोळा केलेला नाही. अर्जावर विचारा: आधीच्या वीर्यपतनापासून किती दिवसांचं अंतर (२ ते ७ हवं), गेल्या तीन महिन्यांत ताप, आणि काही सांडलं का. सांडलं असेल तर पहिला भाग की शेवटचा तेही लिहून घ्या. बहुतेक शुक्राणू पहिल्या भागातच असतात.